कठीण पोलादाला मऊ दगड

जपानी बनावटीच्या स्वयंपाकाच्या सुऱ्या आता मुंबई-पुण्यातील दुकानांतून आणि इंटरनेटवरून सहज मिळतात. पातळ पाते, हलके वजन आणि कांद्याचा पापुद्रा पारदर्शक कापणारी धार यांचे कौतुक काही महिने टिकते. मग कधीतरी टोमॅटोची साल सुरीखालून निसटू लागते आणि धार लावण्याचा प्रश्न उभा राहतो. इथवर सगळे रास्त असते. पाते बिघडते ते त्यानंतर. ती सुरी फिरत्या चाकावर धरली गेली, तर ठिणग्यांबरोबर तिचे पाणीही उतरण्याची भीती असते. काट्यांच्या लोखंडी सळईवर घासली, तर धारेला बारीक खांडे पडतात. हजारो रुपयांची वस्तू पाच मिनिटांत साध्या पत्र्याच्या मोलाची होते आणि ती तशी झाली हे बरेचदा लक्षातही येत नाही; ‘या सुरीत काही दम नव्हता’ एवढाच निष्कर्ष निघतो.

यात दारावर येणाऱ्या धारवाल्याचा दोष नाही. त्याचे चाक विळी, कोयता, कात्री आणि नेहमीची स्टेनलेस स्टीलची सुरी यांच्यासाठी आहे आणि ते काम ते चोख करते. प्रश्न पोलादाच्या जातीचा आहे.

लोहार तापवलेले पाते पाण्यात वा तेलात बुडवून एकदम थंड करतो, त्याला मराठीत ‘पाणी देणे’ म्हणतात. या क्रियेने पोलाद कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा थोडा उतरवावा लागतो. किती उतरवायचा, यावर सुरीचा स्वभाव ठरतो. पोलादाचा कठीणपणा ‘रॉकवेल सी’ या मापाने मोजतात. बाजारातील साध्या सुऱ्या साधारण ५२ ते ५६ या पट्ट्यात असतात, जर्मन घडणीच्या चांगल्या सुऱ्या ५६ ते ५८ च्या आसपास, तर जपानी सुऱ्या ६० ते ६५ पर्यंत जातात. आकडे जवळजवळ वाटले तरी वापरात अंतर मोठे आहे. ५५ च्या सुरीची धार वापराने एका बाजूला वळते. सळईवर दोन हात मारले की ती पुन्हा सरळ होते. ६२ ची धार वळत नाही. ती दीर्घकाळ टिकते आणि जोर चुकीच्या दिशेने पडला तर तुटते. सळईचा उपाय तिथे लागू पडत नाही तो यामुळेच.

उष्णतेचाही हिशेब ध्यानात घ्यायला हवा. कठीण कार्बन पोलादाच्या पात्याला दुसऱ्यांदा जी आच दिलेली असते ती साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसची. त्याहून जास्त तापले की ते नरम पडते. कोरड्या फिरत्या चाकावर धारेची पातळ कड क्षणात याच्या पलीकडे जाते. पाते निळसर दिसू लागते तेव्हा तापमान ३०० अंशांच्या घरात पोचलेले असते, म्हणजे नुकसान होऊन गेलेले असते. तेवढा भाग घासून काढण्यावाचून मग दुसरा इलाज उरत नाही. पाण्याच्या दगडावर हाताने धार लावताना हा धोकाच नसतो. ही पद्धत संथ असली तरी कठीण पोलादासाठी ती जुन्या हौसेपोटी टिकलेली नाही, गरजेपोटी टिकली आहे.

कण आणि बांधणी

धारेच्या दगडाला जुन्या मराठीत निसणा म्हणत. शस्त्रांना धार आणि झळाळी देणाऱ्यांना शिकलगार म्हणतात, तो शब्द अरबी-फारसीतील ‘सैकल’ म्हणजे घासून लखलखीत करणे यावरून आला. दगडाच्या दुनियेतील एक शब्द मात्र इथून बाहेर गेला आहे. माणकाच्या कुळातील कुरुंद या खनिजाला इंग्रजीत ‘कोरंडम’ म्हणतात, ते तमीळ ‘कुरुंदम्’वरून, संस्कृतातील ‘कुरुविंद’ त्याचाच आप्त. हा कुरुंद म्हणजे ॲल्युमिनिअम ऑक्साइड. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जपानी दगडांत कारखान्यात तयार केलेले हेच द्रव्य असते. दुसरे द्रव्य म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. अमेरिकेतील एडवर्ड ॲचेसन यांना १८९१ मध्ये चिकणमाती आणि कोक विजेने तापवताना ते हाती लागले. त्यात कार्बन आणि कुरुंद असावा असे समजून त्यांनी त्याला ‘कार्बोरंडम’ नाव दिले. समज चुकीचा ठरला, नाव टिकले. आपल्याकडील हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा करडा, दोन बाजूंचा दगड बहुधा याच द्रव्याचा असतो.

दगड घेताना ग्राहक कणांचा विचार करतो. बांधणीचा, म्हणजे ते कण कशाने धरून ठेवले आहेत याचा, करत नाही. वास्तविक कठीण पोलादाच्या बाबतीत निम्मा निकाल बांधणीवर लागतो. यंत्रशाळेत ग्राइंडिंगचे काम करणारा कारागीर एक नियम पहिल्याच वर्षी शिकतो: कठीण धातूला मऊ चाक, मऊ धातूला कठीण चाक. ऐकायला हे उलटे वाटते. पण इथे मऊपणा कणांचा नव्हे, बांधणीचा आहे. कठीण पोलादावर घासताना दगडाचे कण लवकर बोथट होतात. बांधणी घट्ट असेल तर हे बोथट कण जागचे हलत नाहीत, दगडाचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो, वर पोलादाचा काळा थर चढतो आणि सुरी नुसती सरकत राहते. बांधणी सैल असेल तर बोथट कण सुटून जातात आणि खालचे ताजे, टोकदार कण वर येतात. पाण्यात मिसळून त्यांचा जो पातळ चिखल दगडावर जमतो, तो दर दोन मिनिटांनी धुऊन टाकण्याची घाई नवखे लोक करतात. ती करू नये, काम तोच करत असतो.

याची किंमत दगड मोजतो. मऊ दगड झिजतो, आणि पुढे येणारी देखभाल सारी या एका गोष्टीतून निर्माण होते. शिवाय फार मऊ दगडात सुरीची धार रुतते, विशेषतः शेवटच्या हलक्या घासांत. त्यामुळे रुंद उतार घासण्यासाठी मऊ आणि अगदी शेवटच्या टोकासाठी किंचित घट्ट दगड वापरणारे कारागीर आहेत. घरगुती वापरात मध्यम बांधणीचा एक दगड पुरे होतो.

पोलादातील इतर धातूंचाही दगडाच्या निवडीशी संबंध आहे. जपानच्या शिमाने प्रांतातील यासुगी येथे तयार होणारे ‘शिरोगामी’ म्हणजे पांढरा कागद आणि ‘आओगामी’ म्हणजे निळा कागद ही दोन पोलादे सुऱ्यांसाठी नावाजलेली आहेत. नावे पोलादाच्या रंगाची नसून ज्या कागदात ते गुंडाळले जाई त्याची आहेत. हा कारखाना दीर्घकाळ हिताची मेटल्स कंपनीचा म्हणून ओळखला जाई. २०२३ पासून कंपनीचे नाव प्रोटेरिअल झाले आहे. पांढऱ्यात लोखंड आणि एक टक्क्याहून थोडा अधिक कार्बन यांखेरीज फारसे काही नसते, म्हणून तो दगडावर लोण्यासारखा चालतो. निळ्यात टंगस्टन आणि क्रोमिअम असल्याने तो झिजायला चिवट. फुकुई प्रांतातील ‘व्हीजी-१०’ हे न गंजणारे पोलाद आणखी चिवट. त्याची बर सुटता सुटत नाही अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. या सगळ्यांना ॲल्युमिनिअम ऑक्साइडचा दगड पुरतो. मात्र व्हॅनेडिअमचे प्रमाण काही टक्क्यांवर गेलेली, भुकटीपासून बनवलेली नवी पोलादे वेगळी. व्हॅनेडिअमचे कार्बाइड ॲल्युमिनिअम ऑक्साइडपेक्षा कठीण असते. दगड त्याच्या भोवतीचे पोलाद खातो, कार्बाइडचे कण तसेच राहतात आणि धार मनासारखी येत नाही. अशा सुरीला हिऱ्याच्या कणांचा दगडच हवा. सुरी घेतानाच पोलादाचे नाव विचारून ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

आकड्यांचा घोळ

दगडावरचा क्रमांक जितका मोठा तितके कण बारीक, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण हे क्रमांक सर्वत्र एकाच मापाचे नाहीत. जपानी मानकाप्रमाणे १००० क्रमांकाच्या दगडातील कण सरासरी साडेअकरा मायक्रॉनचे असतात, ३००० चे चार मायक्रॉनचे, ८००० चे सव्वा मायक्रॉनच्या जवळपास. युरोपीय पद्धतीच्या ‘पी’ अक्षर असलेल्या पॉलिशपेपरवर १००० लिहिलेले असेल, तर त्याचे कण अठरा मायक्रॉनहून मोठे. म्हणजे जपानी १००० शी बरोबरी करणारा पेपर जवळजवळ पी-२००० चा. हा फरक माहीत नसल्याने दगड आणि पेपर यांची सांगड घालताना अनेकांची फसगत होते. त्यात पुन्हा कुठलेही मानक न पाळता खोक्यावर १०,००० छापणारे स्वस्त दगडही बाजारात आहेत. क्रमांक छापायला खर्च येत नाही.

जपानी परंपरेत दगडांचे तीन वर्ग आहेत: ‘अरातो’ म्हणजे भरड, ‘नाकातो’ म्हणजे मध्यम आणि ‘शिआगेतो’ म्हणजे अखेरचा हात फिरवण्याचा. भरड दगड, साधारण २०० ते ४०० क्रमांकाचा, खांडे पडलेल्या किंवा टोक मोडलेल्या सुरीसाठी. तो पोलाद झपाट्याने खातो, म्हणून नवख्याने त्यापासून लांब राहिलेले बरे. घरासाठी पहिला दगड घ्यायचा तो १००० चा. त्यावरील धार भाजी, कोंबडी, टोमॅटो या सगळ्यांना पुरते. किंबहुना टोमॅटोच्या सालीला किंचित खरखरीत धारच जास्त मानवते. दुसरा दगड हवा असेल तर ३००० ते ६००० मधला. त्यापुढचे ८०००, १२००० हे कच्च्या माशाचे तलम काप करणाऱ्या आचाऱ्यासाठी, सुतारकामाच्या पटाशीसाठी किंवा वस्तऱ्यासाठी. घरगुती सुरीला त्यांचा उपयोग पाते चकाकण्यापलीकडे फारसा नाही. दोन बाजूंना १००० आणि ६००० असलेला जोडदगड सुरुवातीला किफायतशीर पडतो; फक्त १००० ची बाजू आधी संपते, हे गृहीत धरावे. आकार साधारण वीस सेंटिमीटर लांब आणि सात सेंटिमीटर रुंद असावा. खिशात मावणाऱ्या दगडावर लांब पात्याचा कोन राखणे सराईतालाही जड जाते.

तिसऱ्या दगडावर पैसे घालण्याआधी दगड सपाट करण्याचे साधन घ्यावे. बहुतेक जण नेमके उलट करतात.

क्योतोच्या डोंगरांतील दगड

नैसर्गिक दगडांचे वेड हा वेगळाच विषय आहे. क्योतोच्या पश्चिमेकडील नारुताकी आणि आसपासच्या डोंगरांतून निघणारे अतिसूक्ष्म कणांचे दगड शतकानुशतके तलवारी, वस्तरे आणि सुतारी हत्यारांच्या अखेरच्या हातासाठी वापरले गेले. त्यांचा उगम खोल समुद्रतळावरचा. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीवरील बहुतांश सागरी जीवजाती नष्ट झाल्यानंतरच्या काळात, तळाशी साचलेल्या अतिबारीक गाळाचे हे थर आहेत. जपानी भूशास्त्रज्ञ त्या काळातील अशा खडकांना ‘तोइशी’ प्रकारचा, म्हणजे धारेच्या दगडाच्या जातीचा खडक असेच संबोधतात. कारखानी दगड स्वस्त आणि भरवशाचे निघाल्यावर क्योतोच्या बहुतेक खाणी बंद पडल्या; आज उरलेला माल मुख्यतः जुन्या साठ्यातला. किमती त्यामुळेच चढ्या. दोन दगड सारखे नसतात आणि एखाद्या दगडात कठीण शीर निघाली तर ती धारेवर ओरखडे काढते. बेल्जियमच्या आर्देन टेकड्यांतील गार्नेटचे कण असलेला फिकट पिवळा दगड किंवा अमेरिकेतील आर्कान्सासचा दगड यांचेही चाहते आहेत. स्वयंपाकघरासाठी यांपैकी कशाचीच गरज नाही, हे सांगणे विक्रेत्याच्या हिताचे नसते एवढेच.

दगडाची निगा

दगड भिजवावा की नाही, याचे उत्तर पुन्हा बांधणीत आहे. भट्टीत भाजलेले सच्छिद्र दगड पाणी पितात. ते दहा-पंधरा मिनिटे, बुडबुडे थांबेपर्यंत, पाण्यात ठेवावे लागतात. राळेच्या बांधणीच्या आणि घट्ट भाजलेल्या काही दगडांना वरून पाणी शिंपडले तरी पुरते. तिसरी जात मॅग्नेशिया सिमेंटच्या बांधणीची. हा दगड घासायला मऊ, मुलायम असतो, पण तासन्‌तास पाण्यात राहिला तर त्याची बांधणी विरघळू लागते, पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि वाळताना भेगा जातात. बादलीत कायमचे दगड ठेवणाऱ्यांचे महागडे दगड असे वाया गेले आहेत. खोक्यावरची सूचना जपानीत असेल तर ती कोणाकडून तरी समजून घ्यावी. हे कुतूहल परवडणारे आहे.

पाण्याच्या दगडाला तेल लावू नये. छिद्रांत शिरलेले तेल निघत नाही आणि पाणी आत जात नाही. करड्या ऑईल स्टोनवर तेल चालते, पण तेही शिलाई यंत्राचे पातळ तेल असावे. करडईसारखे खाद्यतेल हवेने चिकट होते आणि दगड बुजतो.

आता सपाटपणा. घासणे बहुतेक वेळा दगडाच्या मध्यभागी होते, त्यामुळे मधे खोलगट भाग पडतो. अशा दगडावर सुरीचा कोन कितीही स्थिर धरला तरी दगडाच्या उतारागणिक तो बदलत राहतो आणि धारेचा उतार सपाट न राहता फुगीर होतो. एकाच बाजूने उतार असलेल्या जपानी सुऱ्यांचे यात फार नुकसान होते. त्यांची मागची बाजू मुद्दाम किंचित पोकळ ठेवलेली असते आणि ती कडेने अगदी सपाट दगडावर टेकावी लागते. ओसाका प्रांतातील साकाई येथे अशा सुऱ्या पाते घडवणारा, घासणारा आणि मूठ बसवणारा अशा निरनिराळ्या कारागिरांच्या हातून जातात. घासणाऱ्याने महिनोन्‌महिने कमावलेल्या हाताने दिलेला तो आकार खोलगट दगडावर दोन-चार वेळांत मोडतो.

दगड सपाट आहे की नाही, हे पट्टी आडवी ठेवून उजेडाकडे पाहिले तर कळते. सपाट करण्यासाठी ओल्या दगडावर पेन्सिलने उभ्या-आडव्या रेघा आखाव्यात आणि भरड हिऱ्याच्या पट्टीवर तो गोलाकार घासावा. आधी कडेच्या रेघा पुसल्या जातात, शेवटी मधल्या; सगळ्या गेल्या की काम झाले. हिऱ्याची पट्टी महाग वाटत असेल तर जाड काचेवर १२० ते २२० क्रमांकाचा वॉटरपेपर चिकटवूनही हेच साधते. कडाप्प्याच्या ओट्यावर पेपर ठेवून घासण्याचा मोह होतो. ओटा पुरेसा सपाट असला तर दगड सरळ होतोही, पण ओट्यावर ओरखडे येतात आणि त्यावरून घरात होणारी चर्चा धारेपेक्षा तिखट असते. शहाबादी लादीवर किंवा सिमेंटच्या पायरीवर दगड घासण्याची जुनी सवय मात्र सोडलेली बरी, कारण लादी मुळातच सपाट नसते.

दोन दगड एकमेकांवर घासले की दोन्ही सपाट होतात, असा समज आहे. तो अर्धाच खरा. एक खोलगट आणि दुसरा फुगीर होऊनही ते एकमेकांत नेमके बसू शकतात. तीन दगड आळीपाळीने, दोन-दोनच्या जोड्या बदलत घासले तरच तिन्ही सपाट होतात. इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये याच तत्त्वावर धातूचे अचूक सपाट पृष्ठभाग मिळवण्याची रीत मांडली आणि यंत्रशाळांतील अचूकतेचा पाया त्यातून घातला गेला.

सपाट करणे जितके वारंवार, तितके सोपे. दर एक-दोन वापरांनंतर अर्धा मिनिट घासले तर दगड फारसा झिजत नाही. सहा महिन्यांनी करायला घेतले तर तासभर जातो आणि दोन-तीन मिलिमीटर दगड चिखलात जातो. सपाट केल्यावर दगडाच्या चारही कडा किंचित तासाव्यात, म्हणजे त्यांचे टवके उडत नाहीत. भरड कण वाहत्या पाण्याखाली नीट धुवावेत. १००० चा एखादा कण ६००० वर राहिला तर पात्यावर लांब ओरखडा उमटतो आणि तो कुठून आला हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

दगड वाळवायचा तो सावलीत, उभा ठेवून, हवा लागेल असा. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवल्यास बाहेरचा थर आधी आकसतो आणि भेग जाते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात सच्छिद्र दगड दोन-तीन दिवस ओला राहतो. तो तसाच प्लॅस्टिकच्या डबीत बंद केला तर बुरशी धरतो. त्याच हवेत कार्बन पोलादाची सुरी तासाभरात तांबूस डाग दाखवते, म्हणून धार लावून झाली की पाते कोरडे पुसून त्यावर तेलाचा पुसट हात फिरवणे पावसाळ्यात चुकवू नये.

प्रत्यक्ष धार लावण्याची कृती या सगळ्यापुढे साधी आहे. दगड घसरू नये म्हणून खाली ओले फडके घालावे. सुरीचा कणा दगडापासून उचलून एकच कोन राखावा. पात्याची रुंदी ४५ मिलिमीटर असेल तर १५ अंशांच्या कोनासाठी कणा सुमारे १२ मिलिमीटर वर येतो. पहिल्या काही वेळा तेवढ्या जाडीची लाकडी पाचर मोजायला ठेवावी. एक बाजू घासत राहिले की दुसऱ्या बाजूला पोलादाची बारीक कड वळते. कारखान्यांत तिला ‘बर’ म्हणतात. ती टाचेपासून टोकापर्यंत बोटाला जाणवली की बाजू बदलायची, आणि बोट नेहमी कण्याकडून धारेकडे, धारेच्या बाहेर न्यायचे; धारेच्या लांबीवरून कधीच नाही. शेवटी हात हलका करत दोन्ही बाजूंनी ही कड काढून टाकायची. ती राहिली तर सुरी पहिल्या दिवशी वस्तऱ्यासारखी चालते आणि दुसऱ्या दिवशी बोथट होते. सुरीची तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा हेच घडलेले असते.

नीट वापरलेला १००० चा दगड घरात अनेक वर्षे पुरतो. तो बोटभर पातळ झाला की दाबाखाली मोडण्याची शक्यता असते. तेव्हा तो टाकून न देता पाण्याने न फुगणाऱ्या लाकडी फळीवर चिकटवून उरलेला सगळा वापरता येतो. जपानी कारागीर नैसर्गिक दगडांच्या बाजूंना आणि पाठीला लाखेचा किंवा रोगणाचा थर देतात, कारण त्या दगडांचे पापुद्रे असतात आणि कडेने पाणी शिरले की ते सुटू लागतात. दगड विकत घेतल्याच्या दिवशी, तो पहिल्यांदा ओला होण्यापूर्वीच हे काम उरकावे लागते.